सोफ्यावर कोणाशेजारी कोण? टॉक शोच्या रिसर्च टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये बीबीसी वनवरच्या ग्रॅहम नॉर्टनच्या कार्यक्रमात एकाच सोफ्यावर चार जण बसले होते: सर्शा रोनन, एडी रेडमेन, पॉल मेस्कल आणि डेन्झेल वॉशिंग्टन. रेडमेन आपल्या नव्या मालिकेसाठी घेतलेल्या प्रशिक्षणाबद्दल सांगत होता. कुणी अंगावर चालून आलं तर हातातला फोनसुद्धा शस्त्र म्हणून वापरता येतो, असं त्याला शिकवलं होतं. मेस्कलला ते मजेशीर वाटलं. हल्ला होत असताना फोन काढायचं सुचणार कुणाला, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि हशा पिकला. तेवढ्यात रोनन म्हणाली की मुलींना सतत हाच विचार करावा लागतो. सोफ्यावर क्षणभर कुणालाच काही सुचलं नाही, मग प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. ती क्लिप जगभर फिरली.

हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण ते उच्चारलं जाण्यासाठी जे लागतं, ते सगळं मांडून ठेवलेलं होतं. चौघं सुरुवातीपासून एकत्र बसलेली होती, गोष्ट एकाची असली तरी बाकीच्यांना मध्ये बोलायची मुभा होती, आणि प्रश्न नसतानाही लक्ष देऊन ऐकणारी एक पाहुणी तिथे होती. टॉक शोमधल्या 'केमिस्ट्री'बद्दल बोलताना लोक नशिबाची भाषा करतात: आज जमलं, आज नाही जमलं. माझं मत स्पष्ट आहे. केमिस्ट्री बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्या पाहुण्यावर जास्त अवलंबून असते, आणि त्या न बोलणाऱ्याची सोय करणं हे रिसर्च टीमचं काम आहे. वाहिनीत किंवा प्रॉडक्शन हाउसमध्ये तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर हे काम कसं करायचं ते इथे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: एक एपिसोड आवाज बंद करून बघा

कामाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. कुठल्याही टॉक शोचा एक एपिसोड निवडा आणि तो दोनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि नजर फक्त त्या माणसावर ठेवून, जो त्या क्षणी बोलत नाहीये.

थोड्याच वेळात काही गोष्टी दिसायला लागतील. ज्याला खरंच रस आहे त्याचे गुडघे बोलणाऱ्याकडे वळलेले असतात. ज्याला रस नाही तो मान वळवतो, पण धड तिथेच राहतं. सभ्यपणाचं हसू एकदम येतं आणि एकदम जातं. खरं हसू ओसरायला वेळ घेतं. वैतागलेला पाहुणा पाण्याचा ग्लास सारखा उचलतो, किंवा सेटवरच्या मॉनिटरमध्ये स्वतःला बघत राहतो. घाबरलेला पाहुणा कॅमेऱ्यांच्या मागे उभ्या असलेल्या आपल्या मॅनेजरकडे बघतो. शेवटची खूण लक्षात ठेवाच, कारण तिचा उपयोग रेकॉर्डिंगच्या दिवशी होतो.

सरावाला एक जुना, छान नमुना आहे. २०१० मध्ये नॉर्टनच्याच कार्यक्रमात डॅनियल रॅडक्लिफने मूलद्रव्यांची नावं एकापाठोपाठ एक गुंफलेलं अतिशय वेगवान गाणं म्हणून दाखवलं. शेजारी कॉलिन फॅरेल आणि रिहाना होते. गाणं तर मजेचं आहेच, पण ते बघताना आपण वारंवार त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे जातो. ते दोघं नसते आणि रॅडक्लिफ एकटाच नॉर्टनसमोर बसून तेच गायला असता, तर ती नुसती करामत झाली असती.

दुसरी पायरी: आपल्या कार्यक्रमाचा साचा ओळखा

प्रत्येक टॉक शोमध्ये पाहुण्यांची केमिस्ट्री वेगळ्या जागी असते. तुमच्या कार्यक्रमात ती कुठे आहे हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर मेहनत घ्याल.

एकच पाहुणा असेल तर सगळा खेळ सूत्रसंचालक आणि पाहुणा यांच्यातला. सिमी गरेवालचा पांढऱ्याशुभ्र सेटवरचा कार्यक्रम तसा होता, झी मराठीवरचा अवधूत गुप्तेंचा 'खुपते तिथे गुप्ते' त्याच जातीचा. इथे रिसर्च म्हणजे त्या एका माणसाच्या आयुष्याचा अभ्यास. दोघांना एका सोफ्यावर बसवायची रीत हिंदी प्रेक्षकांत रुजवली ती २००४ मध्ये सुरू झालेल्या 'कॉफी विथ करण'ने. मराठीत कलर्स मराठीवर जितेंद्र जोशीच्या 'दोन स्पेशल'ने २०१९ मध्ये दोन पाहुण्यांचाच साचा घेतला. दोघं असले की नातं हाच विषय होतो: मैत्री, स्पर्धा, जुना हिशोब. तिसरं कुणी नसल्यामुळे एक जण गप्प बसला की लगेच दिसतं.

अमेरिकेत 'द टुनाइट शो'वर जॉनी कार्सनच्या काळात, म्हणजे १९६२ ते १९९२, पाहुणे एकामागून एक येत आणि आधीचा पाहुणा सोफ्यावर एक जागा सरकून नव्याला जागा करून देई. ब्रिटनमध्ये मायकल पार्किन्सनच्या कार्यक्रमातही पाहुणे एकेक करून येत आणि आधीचे थांबत. नॉर्टनच्या २००७ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात सगळे सुरुवातीलाच एकत्र येऊन बसतात, आणि माझ्या मते त्याचं यश निम्म्याहून जास्त याच एका निर्णयात आहे. आधी आपली मुलाखत संपवून मोकळा झालेला पाहुणा सैल पडतो. ज्याची पाळी अजून यायची आहे तो सावध असतो, आणि सावध माणूस ऐकतो.

आपल्याकडे आणखी एक साचा आहे, ज्यात पाहुणा प्रामुख्याने प्रेक्षक असतो. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून सिनेमाची अख्खी टीम थुकरटवाडीत येऊन बसायची आणि समोर भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे धमाल उडवायचे. तिथे पाहुण्याने हजरजबाबी असण्याची फार गरज नसते. त्याला मनमोकळं हसता आलं पाहिजे, आणि स्वतःवरची थट्टा झेलता आली पाहिजे. झी मराठीवर २०२२ मध्ये आलेल्या, सुबोध भावे सूत्रसंचालक असलेल्या 'बस बाई बस'मध्ये पाहुणीसमोर प्रश्न विचारणाऱ्या बायकाच बसलेल्या असत, म्हणजे नातं जुळवायचं ते त्यांच्याशी.

तिसरी पायरी: पाहुण्यांची यादी करताना

सिनेमा येतोय, पीआरकडून फोन आला, चार जण पाठवतोय म्हणाले, आपण चौघांची नावं लिहून घेतली. असं काम केलं तर तो एपिसोड बहुतेक पडणार. एकाच सिनेमाचे चार लोक त्या आठवड्यात पाच ठिकाणी गेलेले असतात. शूटिंगमधला तोच किस्सा, त्याच जागी थांबणं, त्याच जागी हसणं. ते एकमेकांचं ऐकत नाहीत, कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ असतं.

तुमच्या हातात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बाहेरचा एक पाहुणा मागून घ्या, ज्याचा त्या सिनेमाशी संबंध नाही: एखादी खेळाडू, गायक, नाटकातला कुणी. अनोळखी माणसासमोर तोच किस्सा नव्याने सांगावा लागतो, कारण तो खरोखर विचारतो की मग पुढे काय झालं. निर्मात्याला हे पटत नसेल तर दुसरा मार्ग: टीममधल्या त्या व्यक्तीला बोलवा, जी प्रमोशनला कधी जात नाही. संवादलेखिका, रंगभूषाकार, सहायक दिग्दर्शक. नायकाबद्दल त्यांना जे माहीत असतं ते नायकाने कधीच सांगितलेलं नसतं.

मिश्रण करताना मी तीन जागा भरल्यात का ते बघतो. एक बोलका, एक ऐकणारा, आणि दुसऱ्या कुणाचा तरी मनापासून चाहता असलेला एक. तिसरी जागा नवे लोक विसरतात. मोठ्या स्टारला कौतुक रोज मिळतं, पण ज्याचा तो स्वतः आदर करतो अशा माणसासमोर बसवलं की त्याचा चेहरा बदलतो. हे शोधायला फोनवर एक साधा प्रश्न पुरतो: कुणाला भेटायचं राहून गेलंय?

कुणाला एकत्र बसवायचं नाही, हेही लिहून ठेवा. कोर्टात सुरू असलेलं प्रकरण, मोडलेलं लग्न, मानधनावरून झालेला वाद, एकाच शुक्रवारी येणारे दोन सिनेमे. यातलं शेवटचं चालून जातं, कधीकधी रंगतही आणतं. बाकीच्यांना हात लावू नका. भांडण होईल, टीआरपी मिळेल, असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर नवखे असलात तरी विरोध नोंदवा. दोघांपैकी एक जण पुन्हा कधी येणार नाही आणि तिसऱ्याला सांगेल की त्यांच्याकडे जाऊ नकोस.

चौथी पायरी: फोनवरच्या आधीच्या गप्पा

अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांत ही पद्धत जुनी आहे: रेकॉर्डिंगच्या आधी टीममधलं कुणीतरी पाहुण्याशी सविस्तर बोलतं आणि त्यातून सूत्रसंचालकाचे प्रश्न निघतात. आपल्याकडे बऱ्याचदा मॅनेजरशी बोलून भागवलं जातं. ते करू नका. मॅनेजरला तारखा विचारा, कपड्यांबद्दल विचारा, पण गोष्टी पाहुण्याकडूनच घ्या. अर्धा तास मागा, वीस मिनिटं मिळतील, तेवढी पुरतात.

ज्येष्ठ कलाकाराला फोन करताना आधी मेसेज करून वेळ घ्या, नाव आणि कार्यक्रम सांगा, आणि 'मॅम', 'सर' की 'ताई', 'काका' हे त्यांच्या जवळच्या कुणाला तरी विचारून घ्या. 'एखादा गंमतीदार किस्सा सांगा ना' असं विचारलं की हमखास जुनं, वापरून झालेलं काहीतरी मिळतं. त्यापेक्षा बारीक विचारा. शेवटचं कधी घाबरलात? घरी तुमच्या कुठल्या सवयीवर बोलणी खाता? पहिल्या मानधनाचं काय केलंत? दौऱ्यावर खोलीत तुमच्यासोबत कोण असायचं? गोष्ट तपशिलातून निघते.

फोन संपायच्या आत एक प्रश्न न चुकता विचारा: कशाबद्दल बोलायचं नाहीये? तो विषय कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि सूत्रसंचालकाला तोंडीही सांगा. २००३ मध्ये पार्किन्सनच्या कार्यक्रमात मेग रायन आली होती. सुरुवातीपासून ती अवघडलेली होती, उत्तरं एकेका शब्दाची. तिने पत्रकारितेचं शिक्षण घेतलं होतं, म्हणून पार्किन्सनने तिलाच विचारलं की माझ्या जागी तू असतीस तर आता काय केलं असतंस? ती म्हणाली, आवरतं घेतलं असतं. इतक्या मुरलेल्या मुलाखतकाराला ती मुलाखत पुढे आयुष्यभर चिकटली. त्या रात्री दोघांपैकी चूक कुणाची यावर लोक आजही भांडतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पाहुणा अवघडलेला आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि तेव्हा सूत्रसंचालकाच्या हातात दुसरा, सोपा रस्ता असायला हवा. तो रस्ता तुम्ही फोनवर शोधून ठेवलेला असतो.

एका पाहुण्याची गोष्ट दुसऱ्याला आधी सांगायची नाही. कितीही मोह झाला तरी. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती पहिल्यांदा ऐकल्याचं जे दिसतं, त्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

पाचवी पायरी: जागा आणि प्रश्नांची साखळी

हा भाग सावकाश वाचा, कारण काम खरं इथे होतं.

समजा तीन पाहुणे आहेत. सत्तरीच्या घरातल्या एक नाट्य-अभिनेत्री, पहिला सिनेमा येत असलेला एक तरुण नायक आणि एक महिला कबड्डीपटू. फोनवरून तुम्हाला कळलं: बाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि गुडघे दुखतात. नायकाने रंगभूमीवर कधी काम केलेलं नाही आणि त्याचा त्याला न्यूनगंड आहे. कबड्डीपटू भरभर बोलते, पण कॅमेऱ्यासमोर पहिलीच वेळ.

साधारण रीत अशी की मोठा पाहुणा सूत्रसंचालकाच्या जवळ. बाई जवळ बसतील हे ठरलं. पण कुठल्या बाजूला? सूत्रसंचालक आणि बाकीचे दोघं या सगळ्यांचा आवाज उजव्या कानाला मिळेल अशी जागा सेटवर नसेल, तर सूत्रसंचालकाचीच खुर्ची हलवायची विनंती दिग्दर्शकाला आधीच करा. रेकॉर्डिंगच्या दिवशी लाइट लागल्यावर कुणी ऐकणार नाही. मऊ, खोल सोफ्यात बाईंना उठता येणार नाही. पाठीला उशी आणि बसायला टणक गादी सांगून ठेवा. माइक पदराच्या घडीत लावला तर पदर हलला की खरखर येते, गळ्यात मोठा दागिना असला तर तो वाजतो. हे साउंडवाल्याला माहीत असतंच, पण कपडे आणि दागिने काय असणार हे त्याला तुम्हीच सांगू शकता.

मधली जागा मी नायकाला देईन. नवखे लोक मध्ये सगळ्यात बोलक्या माणसाला बसवतात, म्हणजे तो दोन्हीकडे बोलेल. उलटं करा. मध्ये ऐकणारा बसवा. त्याची मान दोन्हीकडे वळते, कॅमेऱ्याला त्याचा चेहरा सतत मिळतो, आणि त्याच्यावरून होणाऱ्या बोलण्यात तो आपोआप ओढला जातो. बोलकी व्यक्ती टोकाला असली की तिला सूत्रसंचालकापर्यंत पोचायला सगळ्यांशी बोलावं लागतं. म्हणून कबड्डीपटू टोकाला.

आता प्रश्न. तिघांसाठी तीन वेगळ्या याद्या करायची सवय मोडा. एक धागा शोधा. इथे तो आहे श्वास. चढाई ३० सेकंदांची, तेवढ्यात दम टिकवायचा. नाटकात लांबलचक स्वगत, तिथेही दम लागतो. डबिंगच्या स्टुडिओत धावण्याच्या प्रसंगाला माइकसमोर उभं राहून धापा टाकायच्या. साखळी अशी लिहा:

कबड्डीपटूला: चढाईत दम कसा धरतेस? पहिल्यांदा कधी तुटला?

ती सांगत असताना बाईंकडे बघायचं. नाटकवाल्या माणसाला श्वासाबद्दल ऐकून गप्प बसवत नाही. त्या बोलल्या तर उत्तम. नाही बोलल्या तर: ताई, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवताना श्वास कुठे घ्यायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मग नायकाला प्रश्न विचारायचा नाही. बाईंना विनंती करायची की याला एक वाक्य शिकवा.

शेवटच्या ओळीत काय होतं ते बघा. ज्या गोष्टीचा नायकाला न्यूनगंड आहे तीच त्याला सगळ्यांसमोर शिकायला मिळते, तेही आदराने. बाई शिकवण्यात रमतात. कबड्डीपटू टोकाला बसून हसत बघते आणि तिचं बिचकणं जातं. सूत्रसंचालकाने दोन मिनिटं काहीच बोलायचं नाही, हे कागदावर लिहा: 'इथे थांबा.' सूत्रसंचालकाला गप्प बसायला सांगणं अवघड असतं. तरी लिहा.

अशा तीन साखळ्या असल्या की एपिसोड उभा राहतो. चौथी राखून ठेवा.

संबोधनंही आधी ठरवा. सूत्रसंचालक नायकाला 'अरे' म्हणणार आणि कबड्डीपटूला 'तुम्ही', तर घरी बसलेल्यांना वाटतं की एक जण आपल्यातला आहे आणि एक परकी. दोघांना 'तू' किंवा दोघांना 'तुम्ही'.

सहावी पायरी: रेकॉर्डिंगचा दिवस

पाहुण्यांना थोडं आधी भेटवा, पण फार नाही. मेकअपच्या खोलीत तासभर गप्पा रंगल्या की सगळं तिथेच सांगून होतं आणि सेटवर उरतं ते शिळं. चहा होईपर्यंत भेटू द्या, मग कुणालातरी कपड्यांसाठी बोलावून न्या. त्याउलट पूर्ण अनोळखी ठेवून थेट सोफ्यावर आणलं तर पहिला भाग औपचारिकतेत जातो.

एखाद्याला दोन तास थांबायला लागलं आणि दुसरा उशिरा येऊन आधी तयार झाला, तर ती नाराजी सोफ्यावर येतेच. कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायच्या वेळा, वेगवेगळे द्या आणि उशीर झाला तर थांबलेल्या पाहुण्याला स्वतः जाऊन सांगा. सेटवर एसी जोरात असतो. ज्येष्ठांसाठी शाल हाताशी ठेवा. फोन आणि मॅनेजर दोन्ही नजरेआड. मॅनेजरला कंट्रोल रूममध्ये खुर्ची द्या, मॉनिटर द्या. तो खूश राहतो आणि पाहुण्याची नजर सूत्रसंचालकाकडे राहते.

रेकॉर्डिंग सुरू झालं की तुमचं काम एकच: न बोलणाऱ्याकडे बघत राहा. एखादा पाहुणा बराच वेळ बोललेला नसेल तर सूत्रसंचालकाच्या कानातल्या इअरपीसवर कळवायला सांगा. पुढे झुकून तोंड उघडलं आणि मिटलं, ही सगळ्यात मोलाची खूण. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि जागा मिळाली नाही. 'ताईंना बोलायचंय', एवढे दोन शब्द कानात गेले तरी पुरे.

सातवी पायरी: तोल गेला तर

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात नॉर्मन मेलर आणि गोर व्हिडाल हे दोन लेखक समोरासमोर आले. वाद सेटवर येण्याआधीच पेटलेला होता, मेलर तावातावाने बाहेर आला. तिथे तिसरी पाहुणी होती जॅनेट फ्लॅनर, पॅरिसहून वर्षानुवर्षं लिहिणारी पत्रकार, वय ७९. दोघं एकमेकांवर तुटून पडलेले असताना तिनेच त्यांना फटकारलं की इथे फक्त तुम्ही दोघंच आहात अशा थाटात वागताय. कॅव्हेटही हजरजबाबी होता, पण प्रेक्षकांच्या मनातलं बोलली ती. दोन तापट पाहुणे असतील तर तिसरा कोण बसवायचा याचं उत्तर यात आहे. ज्याला दोघांपैकी कुणाचीच भीड नाही असा.

दुसरा धोका उलटा आहे, फार मोकळं वाटण्याचा. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल 'कॉफी विथ करण'मध्ये आले होते. पंड्या बायकांबद्दल जे बोलला त्यावरून गदारोळ झाला. बीसीसीआयने दोघांना निलंबित केलं, ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत यावं लागलं, एपिसोड काढून टाकावा लागला आणि पुढे बीसीसीआयच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला. बोलणाऱ्याची जबाबदारी आहेच, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो कार्यक्रम थेट प्रक्षेपित नव्हता. रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण यांच्यामध्ये ते अनेकांनी बघितलं असणार. सोफ्यावर हशा चालू असताना कुणी हसत नाहीये का, हे बघणारं माणूस टीममध्ये लागतं, आणि त्याचं ऐकलं जायला लागतं. नवखे असलात तरी एडिटच्या आधी लेखी कळवा: अमुक वाक्य, अमुक वेळ, कारण. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पाहुणा बोलतच नसेल तर प्रश्नांचा मारा करू नका. त्याच्या हाताला काहीतरी द्या. जुना फोटो, त्याने पहिल्या नाटकात वापरलेली वस्तू, चाखायला एखादा पदार्थ. हात गुंतले की जीभ सैल होते.

आठवी पायरी: डोळ्यांत पाणी आणणारे भाग

मराठी कार्यक्रमांत असा भाग जवळजवळ हवाच असतो. 'चला हवा येऊ द्या'मध्ये अरविंद जगताप पत्र लिहायचे आणि पोस्टमन झालेला सागर कारंडे ते वाचायचा. तो भाग इतका भिडायचा, कारण पाहुण्याकडून त्यात बोलण्याची अपेक्षाच नव्हती. त्याने फक्त ऐकायचं. आधीचा अर्धा तास हसून सैल झालेला माणूस एकदम ऐकायला लागतो, आणि शेजारी बसलेले सहकारी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतात. एकमेकांबद्दलचं प्रेम तिथे जितकं दिसतं तितकं 'तुम्हा दोघांची मैत्री कशी आहे?' विचारून दिसत नाही.

आईचा फोन, गुरूंचा व्हिडिओ, बालपणीचा मित्र अचानक सेटवर, असं काही करणार असाल तर घरातल्या एका जबाबदार माणसाची परवानगी घ्या. नुकतंच कुणी गेलेलं असेल तर त्या व्यक्तीचा फोटो अचानक पडद्यावर आणू नका. आणायचाच असेल तर पाहुण्याला आधी सांगा, आश्चर्य गेलं तर जाऊ द्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का, हेही विचारायचं असतं. ब्रेक घेतल्यावर पाहुण्याला दोन मिनिटं एकटं राहू द्या. मेकअप करणाऱ्याला लगेच आत पाठवू नका.

नववी पायरी: एडिटसाठी टिपणं

रेकॉर्डिंग संपलं की घरी जायची घाई असते. त्याआधी आपली वही एडिटरला मिळेल अशा रूपात आणा. वेळ, कोण बोलत होतं, कोण ऐकत होतं, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं. उदाहरणार्थ: ४२ मिनिटं १० सेकंद, ताई श्वासाबद्दल, नायकाचा चेहरा, कापू नये. एडिटरकडे तासन्‌तासांचं फुटेज येतं आणि त्याची नजर साहजिकच बोलणाऱ्यावर जाते. हे टिपण नसेल तर ते दोन सेकंद सापडत नाहीत.

एक गोष्ट निक्षून सांगा. दुसऱ्याच विनोदावर हसलेल्या पाहुण्याचा शॉट इथे चिकटवायचा नाही. वेळ वाचवायला हे सर्रास केलं जातं आणि पाहुण्याच्या ते लगेच लक्षात येतं, कारण आपण कशावर हसलो होतो हे त्याला आठवत असतं. एखाद्या गंभीर वाक्यानंतर तसं हसू लागलं तर त्याची बदनामीही होऊ शकते.

प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला एक मेसेज जाऊ द्या: वेळ, वाहिनी, आणि त्याने सांगितलेली कुठली गोष्ट एपिसोडमध्ये राहिली आहे. कुठली कापली गेली, तेही सांगा. हे तुम्ही स्वतः करा, मॅनेजरमार्फत नको. पुढच्या सीझनला फोन कराल तेव्हा ते तुमचा नंबर नावाने सेव्ह करून बसलेले असतील आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर बोलतील.